सुमात्रन गेंडा आणि एकटेपणाचा आजार

नमस्कार मंडळी. गेंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काझीरंगा येतं, एकशिंगी, अंगावर चिलखत घातल्यासारखा. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो अगदी वेगळा आहे. सुमात्रन गेंडा. जगातल्या पाच जातींमधला सगळ्यात लहान, दोन शिंगांचा, आणि अंगभर लालसर तपकिरी केस, पिल्लू तर इतकं केसाळ असतं की पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला हे गेंड्याचं पिल्लू आहे हे पटतच नाही. हिमयुगातला जो लोकरी गेंडा होता ना, त्याच्या जवळच्या नात्यातला हा.

एकेकाळी आसामपासून म्यानमार, थायलंड, मलाया, बोर्निओ, सुमात्रा असा सगळीकडे होता तो. 1868 मध्ये चितगावजवळ एक मादी पकडली, तिचं नाव ठेवलं बेगम, पुढे तिला लंडनच्या झूमध्ये नेलं आणि ती 1900 पर्यंत जगली. आज हा प्राणी फक्त इंडोनेशियात उरलाय, सुमात्रात आणि बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, आणि 2022 च्या अंदाजानुसार एकूण संख्या आहे 34 ते 47. जगभरात मिळून एवढेच, या हॉलमधल्या पुढच्या तीन-चार रांगांत मावतील इतके.

दाट वर्षावनात एकटा फिरतो, झाडपाला, कोवळ्या फांद्या, गळालेली फळं खातो, उंचावरची पानं हवी असली तर रोपटं छातीने रेटून वाकवतो आणि मोडतो. दिवसाचा बराच वेळ चिखलाच्या डबक्यात पडून राहतो आणि ती चैन नाहीये बरं का, चिखल मिळाला नाही तर त्याची कातडी फाटते, सुजते. आणि हा प्राणी गातो! खरंच. शीळ घातल्यासारखे, लांबवलेले आवाज, अभ्यासकांनी त्यातल्या एका आवाजाची तुलना चक्क हम्पबॅक देवमाशाच्या गाण्याशी केलीय. दाट झाडीत जिथे दहा पावलांवरचं दिसत नाही तिथे आवाज आणि वास, एवढ्यावरच एकमेकांचा पत्ता लागतो.

आता मुद्द्यावर येतो. संख्या का घटली? शिंगासाठी शिकार झाली, फाशांमध्ये अडकून मेले, जंगलं तुटली, हे सगळं खरं आहेच. पण आज जे उरलेत त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू एकटेपणा आहे, आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये, हे शुद्ध शरीरशास्त्र आहे. या मादीचं असं आहे की बराच काळ नराची गाठ पडली नाही, गर्भ राहिला नाही, की तिच्या गर्भाशयात गाठी होतात, सिस्ट होतात, आणि मग पुढे नर भेटला तरी उपयोग होत नाही. म्हणजे जंगल शाबूत आहे, शिकारी नाही, खायला भरपूर आहे, पण तीस-चाळीस किलोमीटरमध्ये दुसरा गेंडाच नाही, तर ती मादी जिवंत असून वंश तिथेच थांबतो. मलेशियातली शेवटची मादी इमान अशाच गर्भाशयाच्या गाठींनी त्रस्त होती, शेवटचा नर ताम मे 2019 मध्ये गेला आणि इमान त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मलेशियात आज एकही नाही.

म्हणून 'त्यांना जंगलात शांतपणे राहू द्या' हे ऐकायला कितीही छान वाटलं तरी इथे ते चालत नाही. एकत्र आणावंच लागतं. आणि ते किती अवघड आहे बघा. 1984 ते 1996 या काळात 40 गेंडे पकडले गेले, आणि बहुतेक सगळे पिल्लू न होताच मेले. सुरुवातीला त्यांना सुकं गवत घातलं जायचं, पानं खाणाऱ्या प्राण्याला! अमेरिकेत पाठवलेल्या सातांपैकी तीन उरले. त्यातला नर इपू सिनसिनाटीच्या झूमध्ये मरायलाच टेकला होता, कुणीतरी वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची पानं मागवली आणि तो उठून खायला लागला. किती साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत किती जीव गेले.

मग तिथल्या डॉ. टेरी रॉथ यांनी एमी नावाच्या मादीची रोज सोनोग्राफी सुरू केली. नर-मादी नुसते एकत्र सोडले तर ते भांडतात, जखमी करतात, कारण मादी माजावर असते ती अगदी थोडा वेळ, आणि तो वेळ बाहेरून कळत नाही. शिवाय लक्षात आलं की हिचं बीज आपोआप सुटतच नाही, नराशी संग झाल्यावरच सुटतं! सोनोग्राफी बघून दिवस पकडला, एमी गाभण राहिली, आणि पाच वेळा गर्भ पडला. सहाव्यांदा तिला प्रोजेस्टेरॉनसारखं, म्हणजे गर्भ टिकवणारं, हार्मोन पावात घालून दिलं, आणि 13 सप्टेंबर 2001 ला एमी आणि इपूचा मुलगा अंदालास जन्मला. त्याआधी बंदिवासातच गर्भ राहून या जातीचं पिल्लू जन्मलं होतं ते 1889 मध्ये, कलकत्त्याच्या झूमध्ये. मध्ये 112 वर्षं गेली, हा आकडा मी कितीही वेळा सांगितला तरी मला दर वेळी थांबायला होतं.

अंदालासला 2007 मध्ये सुमात्राला नेलं, वे कंबास नॅशनल पार्कमधल्या अभयारण्यात. तिथे रातू या मादीपासून 2012 मध्ये अंदातू झाला, 2016 मध्ये दलीला. रोसा नावाच्या दुसऱ्या मादीचे आठ गर्भ पडले, तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, आणि 2022 मध्ये तिला मुलगी झाली, सदाह मिराह. 2023 मध्ये तर दोन पिल्लं, सप्टेंबरमध्ये रातूला आणि नोव्हेंबरमध्ये दलीलाला. पंधरा-सोळा महिन्यांचं गाभणपण आणि दोन वेतांत तीनेक वर्षांचं अंतर, त्या हिशेबाने हे खूप मोठं यश आहे.

पण आता नाती जरा नीट बघा. दलीलाचा बाप अंदालास, आणि दलीलाच्या पिल्लाचा बाप हारापान, म्हणजे अंदालासचा सख्खा भाऊ, दलीलाचा काका. वे कंबासमध्ये जन्मलेली पाचही पिल्लं एमी आणि इपूच्याच वंशातली आहेत. नवं रक्त हवं तर ते आहे फक्त जंगलात, मुख्यतः सुमात्राच्या उत्तरेला आचे प्रांतातल्या ल्युसरच्या जंगलात, आणि तिथल्या माद्यांचं वय रोज वाढतंय. आता त्यांना शोधून, खड्ड्यात सुरक्षित पकडून नराजवळ आणायचं, तेही गर्भाशयात गाठी व्हायच्या आत.