सडाचं टोक पुसलं का? कल्चरसाठी दूध असं काढा

नमस्कार मंडळी. इंदूर, सांवेर, देपालपूर, सगळीकडून एकच कमेंट: "दुधात गुठळ्या आहेत, फोटो पाठवलाय, इंजेक्शन कोणतं?" फोटोवरून नाही सांगता येत. कासेच्या सुजेला थनैला म्हणा, कासदाह म्हणा, दगडी म्हणा, गुठळीवर जंतूचं नाव लिहिलेलं नसतं. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे कल्चरमध्येच, म्हणजे लॅबमध्ये दुधातले जंतू प्लेटवर वाढवून बघितल्यावरच कळतं.

आधी दुखरा सड शोधा. सीएमटीच्या (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच होणारी दुधाची चाचणी) प्रत्येक वाटीत एकेका सडाचं २ मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, १० सेकंद फिरवा. शेंबडासारखं घट्ट झालं की तो सड. हे बहुतेकांना येतं, पुढे चला.

घोळ होतो तो नमुना घेताना. रिपोर्टात तीन-तीन जातींचे जंतू निघतात आणि राग लॅबवर निघतो. अहो, ते बहुतेक वेळा कासेतले नसतातच, सडाच्या टोकावरच्या शेणातले असतात!

कास धुतलीत तर पूर्ण कोरडी करा. ओल्या कासेवरचं पाणी ओघळतं, टोकाशी येऊन थांबतं आणि धारेबरोबर थेट नळीत उतरतं. मग ७० टक्के अल्कोहोलचा बोळा टोकाच्या छिद्रावर घासा. मळला की नवा घ्या. शेवटचा बोळा पांढराच निघाला पाहिजे. एका सडाचा बोळा दुसऱ्याला नको.

पुसताना आधी पलीकडचे सड, मग आपल्या बाजूचे. दूध घेताना बरोबर उलट. नाहीतर पलीकडे हात नेताना बाही पुसलेल्या टोकाला घासते, की पुन्हा बोळ्यापासून सुरुवात.

अल्कोहोल वाळू द्या. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढा, जमिनीवर नको. निर्जंतुक नळी तिरपी धरा, झाकणाची आतली बाजू खाली, बोट लावू नका. ५ ते १० मिली पुरे. "बादलीतलं चालेल का?" नाही. त्यात चारही सड, भांडं आणि तुमचे हात, सगळंच आलं.

नळीवर गाईचा टॅग नंबर आणि सड लिहा: "उजवा मागचा". बर्फात ठेवून २४ तासांच्या आत महूच्या व्हेटरनरी कॉलेजात किंवा जवळच्या लॅबमध्ये द्या. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलात तर वाटेतच जंतू वाढतात.

आणि नमुना अँटिबायोटिकच्या आधी. दिलंच असेल तर लॅबला औषधाचं नाव आणि तारीख सांगा, लपवू नका. औषधामुळे जंतू कासेत असूनही प्लेटवर उगवत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा जंतू तर औषध न देताही रोज दुधात सापडत नाही, म्हणून सीएमटी घट्ट आणि कल्चर कोरं आलं तर त्याच सडाचा नमुना काही दिवसांनी पुन्हा घ्या.