चार थेंबांचा हिशेब

गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकीत टाका, डास होणारच नाहीत, असं तुम्ही ऐकलं असेल. या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो तपासून बघायला हवा.

आधी अळी बघू. उघड्या रांजणावर वाकलात की तुमच्या सावलीनं अळ्या सरसर तळाला जातात. मिनिटभर थांबा, एकेक वर येते आणि शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून उलटी लटकते. ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची किंवा गटारातल्या क्युलेक्सची. मलेरियाच्या ॲनोफिलिसला अशी नळी नसते, तिची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. एडिसची मादी अंडी घालते ती भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर. ती अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून हौद नुसता रिकामा करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

आता तेल. प्रयोगशाळेत साधारण शंभर मिलिलिटर पाण्यात २५ अळ्या सोडतात, तेल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात मिसळतात आणि २४ तासांनी मेलेल्या मोजतात. लवंगेतलं युजेनॉल, ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल, गवती चहातलं सिट्रल, या सगळ्यांनी अळ्या मरतात, यात शंका नाही. प्रश्न मात्रेचा आहे. निम्म्या अळ्या मारायला बऱ्याच तेलांचं प्रमाण लिटरमागे दहा ते शंभर मिलिग्रॅमच्या दरम्यान भरतं. ५० धरू. हजार लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम तेल झालं, तेही फक्त निम्म्या मारायला! चार थेंब म्हणजे जेमतेम शंभर-दीडशे मिलिग्रॅम. आरोग्य कर्मचारी टाकतात त्या टेमीफॉस या अळीनाशकाचा शुद्ध अंश एवढ्याच पाण्याला एक ग्रॅम पुरतो.

शिवाय ही तेलं उडून जातात. वास येतो तो त्यामुळेच. आज टाकलेलं तेल दोन-चार दिवसांत विरतं, आणि कडेची अंडी पुढच्या आठवड्यात फुटतात. तेल पाण्यात मिसळत नाही हे वेगळंच. सूक्ष्म थेंबांची दुधाळ मिश्रणं किंवा तेल कोंडून हळूहळू सोडणाऱ्या कुप्या यांवर संशोधन चालू आहे ते याचसाठी. मला त्यात खरी आशा वाटते, कारण एकाच रसायनाला डास सरावतात, टेमीफॉसला अनेक ठिकाणी सरावलेही आहेत. एका तेलात घटक अनेक, त्यामुळे सगळ्यांना एकदम सरावणं अवघड.

(कडुनिंबाचं तेल या यादीत येत नाही. ते बियांचं स्थिर, म्हणजे उडून न जाणारं तेल. त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं.)

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे मात्र कृपा करून म्हणू नका. लवंगेच्या तेलानं मासे बेशुद्ध करतात, मत्स्यशास्त्रात ती रूढ पद्धत आहे. ज्या हौदात गप्पी मासे सोडलेत तिथे ते तेल ओतलं, तर अळ्या खाणारेच आडवे व्हायचे. त्यामानाने बीटीआय हा जिवाणू नेमका. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. अळीनं तो खाल्ला की तिचं आतडं फाटतं, मासे सुखरूप राहतात. पण अळीनंतरची अवस्था, म्हणजे कोष, काही खात नाही, त्यामुळे तो यातून सुटतो.

तर पिण्याच्या टाकीला घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस (पाण्याची भांडी रिकामी करून, घासून सुकवायचा), संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी. आणि गवती चहाच्या तेलाची बाटली घरात आलीच असेल तर थोडं तेल खोबरेलात पातळ करून हातापायांना लावा, आधी मनगटावर लावून आग होत नाही ना ते बघा. तासा-दीड तासानं पुन्हा लावावं लागेल. आणि संध्याकाळची वाट बघू नका, एडिस दिवसा चावतो.