बंदूक खाली ठेवा आणि जरा बसा

[दृश्य: टेबलावर रांगेत मांडलेले १/३५ चे रणगाडे. कॅमेरा सावकाश सरकतो.]

कुठल्याही मॉडेल प्रदर्शनात १/३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मॉडेलच्या टेबलापाशी उभे राहा आणि बोट दाखवणारे अधिकारी मोजायला लागा. रणगाड्यातून अर्धा बाहेर आलेला, बोट दाखवतोय. खाली नकाशा धरलेला, तोही बोट दाखवतोय. शेजारी तिसरा, आणि तोसुद्धा त्याच दिशेला. तिकडे नक्की काय आहे हे आजवर कुणाला कळलेलं नाहीये. मॉडेलवाल्यांमधला हा जुना जोक आहे, पण त्यात एक तक्रार आहे, ती अशी की कंपन्या आपल्याला फिगर, म्हणजे माणसांच्या छोट्या प्रतिकृती, देतात त्या सगळ्या कामात असलेल्या माणसांच्या आणि आपल्याला हवी असतात ती, स्पष्टच सांगायचं तर, रिकामटेकडी माणसं.

कसं असतं ना, डायोरामा, म्हणजे मॉडेल आणि माणसं मांडून केलेला छोटा देखावा, हा थांबलेला क्षण. त्यात एक पाय हवेत, तोंड उघडं असा धावणारा सैनिक ठेवला की पहिल्यांदा बघताना भारी वाटतं आणि दुसऱ्यांदा तो पुतळा दिसायला लागतो, कारण खरा माणूस त्या पोजमध्ये एक सेकंदही राहत नाही हे आपल्या डोळ्यांना पक्कं ठाऊक असतं. पण खोक्यावर बसून बुटाची नाडी सोडणारा? तो तसा पाच मिनिटं बसू शकतो, म्हणून तो खरा वाटतो. आणि खऱ्या युद्धातही सैनिकाचा बहुतेक वेळ जातो तो वाट बघण्यात, चालण्यात, खणण्यात आणि जिथे जागा मिळेल तिथे झोपण्यात. १९४० मधले ब्रिटिश फायटर पायलटांचे फोटो बघा, लाइफ जॅकेट घालून आरामखुर्चीत पसरलेत, कुणी पेपर वाचतोय, कुणी चक्क झोपलाय, शेजारी कुत्रा. पुढच्या पाच मिनिटांत यातला कुणी हवेत असेल, पण या क्षणी निवांत. अशा फिगर अजिबात मिळत नाहीत असं मी म्हणत नाही, थोड्या मिळतात, पण विमानाकडे पळत सुटलेले पायलट त्याहून कितीतरी जास्त.

[दृश्य: मॉडेल रेल्वेचा प्लॅटफॉर्म. गाडी येते, थांबते, निघून जाते. माणसं तिथेच.]

ही गोष्ट मॉडेल रेल्वेवाल्यांना फार आधी कळली. त्यांच्या लेआउटमध्ये, म्हणजे रूळ-स्टेशनच्या मांडणीत, गाडी फिरत असते, माणसं फिरत नाहीत. आता प्लॅटफॉर्मवर सूटकेस घेऊन धावणारा माणूस ठेवला आणि गाडी तिसऱ्यांदा येऊन गेली तरी तो तिथेच, त्याच पावलावर, मग सगळी मजाच जाते. म्हणून मुरलेला रेल्वेवाला बाकावर बसलेली, खांबाला टेकलेली, गप्पा मारणारी माणसं शोधत असतो. जर्मनीची प्राइजर कंपनी १९४९ पासून हेच करतेय, अगदी साधी, रस्त्यावर दिसणारी माणसं. हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन २००१ मध्ये उघडलं, सगळं एचओ स्केलमध्ये म्हणजे १/८७, आणि तिथे आज दोन लाखांहून जास्त छोटी माणसं आहेत. माझं प्रामाणिक मत सांगतो, लोक तिथे जातात ट्रेन बघायला आणि नाक काचेला लावून बसतात ते माणसं बघायला.

थोडा मापांचा हिशोब करू म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. पावणेसहा फुटांचा माणूस घ्या. १/३५ मध्ये तो बरोब्बर ५ सेंटिमीटर होतो, १/७२ मध्ये साधारण २४ मिलिमीटर, एचओमध्ये २०, रेल्वेच्या एन स्केलमध्ये म्हणजे १/१६० मध्ये ११, आणि जहाजांच्या १/३५० मध्ये फक्त ५ मिलिमीटर. जुने ५४ मिलिमीटरवाले खेळण्यातले सैनिक १/३२ च्या आसपास पडतात, म्हणजे १/३५ च्या शेजारी ठेवले की एक माणूस आणि एक त्याचा धाकटा भाऊ असं दिसतं. बरं, हे १/३५ तरी आलं कुठून, तर साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, त्यात बॅटऱ्या आणि गिअरबॉक्स बसायला हवेत म्हणून तेवढा मोठा केला, नंतर माप काढलं तर साधारण १/३५ आलं. म्हणजे जगभरातल्या मॉडेलवाल्यांच्या सैनिकांची उंची बॅटरीने ठरवलीय. गंमत आहे की नाही.

[दृश्य: क्लोजअप. स्प्रूवर, म्हणजे किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर लागलेले सुटे हात, पाय, धड, डोकी.]

आता मुद्द्याचं. रिकामटेकडी माणसं कंपन्या का देत नाहीत? मागणी नाही हे एक कारण सांगतात, पण मला वाटतं अर्धं कारण साच्यात आहे.

प्लॅस्टिकची फिगर पोलादी साच्यात बनते. साच्याचे दोन अर्धे भाग, मध्ये गरम प्लॅस्टिक दाबून भरायचं, थंड झालं की भाग सरळ रेषेत उघडायचे. सरळ, हे महत्त्वाचं. जिथे आकार आतल्या बाजूला वळतो तिथे प्लॅस्टिक साच्यात अडकतं, त्याला अंडरकट म्हणतात. म्हणून फिगर एका तुकड्यात येत नाही, हात वेगळे, पाय वेगळे, डोकं वेगळं. आता विचार करा, बोट दाखवणारा हात साच्यात घालायला किती सोपा, एक सरळसोट काडी. आणि छातीवर घडी घातलेले हात? खिशात खुपसलेले? गुडघ्यावर कोपर आणि हातावर हनुवटी? कडेवरचं मूल, ज्याने आईच्या गळ्यात हात टाकलाय? निवांत माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला कुठेतरी टेकलेला असतो, शरीराचे भाग एकमेकांना चिकटलेले असतात, आणि नेमकं तिथेच अंडरकट येतो. तुकडे वाढवून किंवा सरकत्या भागांचे साचे वापरून हे जमवता येतं, पण खर्च चढतो, आणि पोलादी साचा मुळातच महाग, तो वसूल व्हायचा तर हजारोंनी बॉक्स खपायला हवेत. मग कंपनी काय काढणार, जर्मन रणगाड्याचा क्रू, खपणार म्हणजे खपणारच. तामियाची मिलिटरी मिनिएचर मालिका १९६८ ची, तेव्हापासून किती कंपन्यांनी किती वेळा तोच क्रू काढला असेल याची गणती नाही.

रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लॅस्टिक, वापरणाऱ्यांचं वेगळं आहे. त्यांचा साचा सिलिकॉन रबराचा, तो वाकतो, ओढून काढला की अंडरकटसकट तुकडा बाहेर येतो. पण असा साचा काही डझन वेळा वापरला की फाटायला लागतो. म्हणून रेझिन फिगर सुंदर असतात, थोड्याच बनतात आणि खिशाला चटका देतात. त्यातच एक प्रकार म्हणजे नुसती डोकी. ब्रिटनच्या हॉर्नेट कंपनीची डोकी यात प्रसिद्ध आहेत, वेगवेगळ्या टोप्या, वेगवेगळे चेहरे, प्लॅस्टिकच्या सैनिकाचं डोकं कापायचं आणि हे लावायचं. डोकं जरा खाली झुकवून लावलं की तोच सावधान उभा असलेला सैनिक एकदम दमलेला दिसायला लागतो, बाकी काहीही बदलायची गरज पडत नाही.

[दृश्य: मालवाहू ट्रकचं मॉडेल, केबिन रिकामी.]

बरं, पोजचं झालं, पण कोण माणसं हवीत हेही आहेच. रेड बॉल एक्सप्रेस घ्या. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४, फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या अमेरिकन सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणारी ट्रकची साखळी, ऐन भरात जवळपास सहा हजार गाड्या रस्त्यावर, आणि ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आफ्रिकन अमेरिकन. त्या ट्रकची किट भरपूर मिळतात, एकाहून एक. मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून दहा मिनिटं डुलकी काढणारा तो ड्रायव्हर, बॉनेटवर कॉफीचा मग ठेवून उभा असलेला त्याचा जोडीदार, हे प्रत्येक दुकानात असायला नकोत का? इटलीत माँटे कसिनोला १९४४ मध्ये लढलेली चौथी भारतीय डिव्हिजन, तिचे सैनिकही शोधत बसावे लागतात. आणि घोडे! जर्मन सैन्य म्हटलं की सगळ्यांना रणगाडे आठवतात, पण १९४१ मध्ये रशियात शिरताना त्यांच्याबरोबर सहा लाखांहून जास्त घोडे होते. त्या हिशोबाने मॉडेलच्या टेबलावर रणगाड्यांपेक्षा घोड्यांची गर्दी दिसायला हवी, आणि घोड्याला खरारा करणारा, खूर उचलून बघणारा माणूस हवा. मिळतो तो घोडा बहुतेक वेळा उधळलेला असतो.

बायकांच्या फिगरबद्दल जरा रागानेच बोलतो. बाजारात बाईची फिगर म्हटली की निम्म्या वेळा उंच टाचा, आखूड कपडे आणि रणगाड्याला टेकून दिलेली पोज, म्हणजे निवांत पोज जमते हो यांना, फक्त एवढ्याच बाबतीत. अरे, अमेरिकेतल्या विलो रनच्या कारखान्यात १९४४ मध्ये तासाला एक बी-२४ बॉम्बर बाहेर पडत होता आणि तिथे हजारो बायका काम करत होत्या, केसांना रुमाल, अंगात ओव्हरऑल. शिफ्ट संपल्यावर पंखाखाली बसलेल्या त्या चौघीजणी १/४८ मध्ये द्या की. आणि एक किस्सा सांगतोच. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान जमिनीवर चालवताना, विशेषतः वाऱ्यात, शेपटी उचलली जाऊ नये म्हणून ग्राउंड क्रूपैकी कुणीतरी शेपटीवर बसायचं. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या हिबाल्डस्टोच्या तळावर मार्गारेट हॉर्टन नावाची मेकॅनिक अशीच बसली होती, ती उतरायच्या आधीच पायलटने टेकऑफ घेतला, आणि ती शेपटीला मिठी मारून हवेत एक फेरी मारून सुखरूप खाली आली. स्पिटफायरची किट प्रत्येक स्केलमध्ये ढिगाने आहेत, आणि प्रत्येक बॉक्समध्ये शेपटीवर बसलेला एक माणूस जरी घातला तरी मी दुसरं किट विकत घेईन.

सगळंच वाईट नाही. युक्रेनच्या कंपन्यांनी हे चित्र बरंच बदललंय. मिनीआर्ट आणि मास्टरबॉक्स साधे नागरिक काढतात, म्हातारे, मुलं, सामान घेऊन निघालेली कुटुंबं. आयसीएमने तर १/३५ मध्ये चेर्नोबिलची मालिकाच काढली, त्यातला एक सेट म्हणजे गाव सोडून निघालेले चार मोठे, एक लहान मूल आणि त्यांचं सामान. कुणाच्या हातात बंदूक नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत प्लॅस्टिकमध्ये आलेल्या सेटपैकी हा सगळ्यात धीट.

[दृश्य: रेल्वेचा डबा, छप्पर काढलेलं. आत बसलेल्या फिगर. काहींना पाय नाहीत.]

आता बसलेल्या माणसांची एक वेगळीच पंचाईत. खऱ्या सीटवर माणूस बसला की सीट दबते. प्लॅस्टिकची सीट दबत नाही. त्यामुळे १/२४ च्या गाडीत ड्रायव्हर बसवला की तो सीटवर तरंगतो, डोकं छताला लागतं, मग मॉडेलर काय करतो, कानस घेऊन त्याचा पार्श्वभाग घासत बसतो. रेल्वेत त्याहून वाईट, डब्याच्या आतली जमीन बरेचदा वर उचललेली असते, मग प्रवाशांचे पाय गुडघ्यापासून कापायचे, खिडकीतून तसंही दिसत नाही. हसू येतं, पण कंपनीने सुरुवातीपासूनच सपाट पार्श्वभागाची आणि आखूड पायांची माणसं दिली तर एवढी कापाकापी वाचेल. विमानांचंही तेच, हल्ली कितीतरी किटमध्ये पायलट देतच नाहीत, मग चाकं वर घेऊन उडताना दाखवलेलं जेट आणि कॉकपिट रिकामं.

जहाजांबद्दल थोडक्यात. १/३५० चं टायटॅनिक बांधायला महिने जातात, जहाजावर माणसं होती साधारण २,२००, आणि बॉक्समधून निघतात शून्य. विमानवाहू जहाजांचा क्रू वेगळा मिळतो, पिवळे जर्सीवाले विमानं हलवणारे, जांभळे इंधनवाले, लाल शस्त्रास्त्रवाले. पण मला हवाय तो फॉड वॉकडाउन, डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ करून, माना खाली घालून, सावकाश चालत स्क्रू-खडे वेचणारे खलाशी, कारण इंजिनात एक नट गेला तरी इंजिन खलास. पाच मिलिमीटरची शंभर माणसं, सगळी खाली बघणारी. कुणीही बोट दाखवत नाहीये.

[दृश्य: थ्रीडी प्रिंटर चालू. द्रव रेझिनमधून फिगर हळूहळू वर येते.]

आणि आता हा प्रकार आलाय. रेझिन प्रिंटर थरावर थर चढवत जातो, एक थर ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ, साचाच नाही म्हटल्यावर अंडरकटचा प्रश्नच संपला. खिशात हात घाला, मुलाला कडेवर घ्या, दोघांना मिठी मारू द्या, सगळं निघतं. खरा माणूस कपडे घालून उभा करायचा, स्कॅन करायचा, आणि फिगर तयार, तामियासुद्धा नव्या फिगरसाठी स्कॅनिंग वापरते, आणि त्यांच्या कपड्यांच्या चुण्या बघितल्या की कळतं. भानगडी आहेत, सपोर्टच्या, म्हणजे छापताना आधार देणाऱ्या काड्यांच्या खुणा घासाव्या लागतात, आणि १/३५ ची फाइल नुसती लहान करून १/७२ ला छापली की बंदुकीची नळी ०.२ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि हात लावला की तुटते. पण साच्यात न बसणारी माणसं आता तांत्रिक कारणाने अडलेली नाहीत. तरी फाइल बनवणाऱ्यांची पानं उघडा, काय दिसतं, तलवार उगारलेले योद्धे, ड्रॅगन, आणि पुन्हा उंच टाचा.

तर कुणी डिझायनर हे ऐकत असेल तर ऑर्डर लिहून घ्या. बारा माणसं, १/३५, आणि १/७२ साठी वेगळी जाड केलेली फाइल. चार बसलेली, पार्श्वभाग सपाट. दोन झोपलेली, एक पाठीवर आणि एक कुशीवर. एक म्हातारा, एक जाडा, एक बाई जी नुसती उभी आहे आणि कंटाळलीय. एक मुलगा, नाकात बोट घातलेला. एक जण जांभई देणारा. बारावा कुणीही चालेल, फक्त त्याचे दोन्ही हात खिशात पाहिजेत. डोकी सगळ्यांची सुटी द्या, ती आम्ही वळवून घेऊ.