'पाहा' लिहिलेलं कार्ड

(दृश्य : लाकडी तालिका-कपाट. एक खण बाहेर येतो.)

विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हा तालिकेचा, म्हणजे पुस्तकांच्या यादीचा, खण. कार्ड साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं, खाली भोक, त्यातून ओवलेली सळई. नवं कार्ड आधी सळईच्या वरच उभं राहायचं. वरिष्ठांनी क्रम तपासला की मग सळई ओढून ते खाली बसवायचं. चुकीच्या जागी बसलेलं कार्ड म्हणजे हरवलेलं पुस्तक, मग ते फडताळात असलं तरी.

(जवळून : पिवळट कार्ड)

'बाळकराम. पाहा : गडकरी, राम गणेश.' 'ग'च्या खणात असंच दुसरं, 'गोविंदाग्रज'. विनोद एका नावाने, कविता दुसऱ्या, नाटकं स्वतःच्या. माणूस एकच, हे तालिकाकाराला माहीत असावं लागायचं. गडकऱ्यांच्या नाटकाच्या कार्डावर डावीकडे ८९१.४६२. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, पुढचा २ नाटकाचा. कविता असती तर १.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

तेच 'पाहा' आता इथे आहे. मार्क (MARC) या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींच्या नमुन्यातल्या नावाच्या नोंदीत अधिकृत नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, बाकीची नावं ४०० मध्ये. पुस्तकांच्या नोंदी हल्ली आयत्या उतरवून घेतात. एकीत 'गडकरी, रा. ग.', दुसरीत 'राम गणेश गडकरी'. ही नावं कुणी जुळवली नाहीत, तर संगणकाला ते दोन लेखक.

(दृश्य : प्रबंधांची चळत)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढू लागले. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रत्येक प्रकरण, संदर्भसूची, सगळ्यांच्या वेगळ्या पीडीएफ. २०१८ पासून साम्यतपासणीही, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे संगणकावर पाहणंही, आली : दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत.

मराठी प्रबंधाची गंमत इथेच. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. अहवाल येतो जवळजवळ शून्य टक्के. विद्यार्थी खूश! म्हणून आधी एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवायची.

(जवळून : नोटपॅडवर अगम्य अक्षरं)

असं दिसलं की प्रबंध परत. युनिकोडमध्ये बदलून आणल्यावरही जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

तालिकाकाराची पदं अनेक ठिकाणी रिकामी आहेत.

(दृश्य : देवघेवीचं टेबल)

खणातली कार्डं आता इथे. पाठकोऱ्या बाजूवर वाचक पुस्तकाचा क्रमांक लिहून घेतात.