तीन आणि सहा यांची पाठ

(दृश्य: नाना पेठ. अरुंद दुकान, दारातच स्टुलावर बसलेले पेंटरकाका. मांडीवर पत्र्याची पाटी, हातात फ्लॅट ब्रश. आवाज फक्त रस्त्याचा.)

तीन काढताना काकांचा ब्रश डावीकडून निघतो. उजवीकडे एक पोट काढतो, आत येतो, खाली दुसरं पोट काढतो आणि शेपूट सोडून देतो. सहाची दोन्ही पोटं डावीकडे. दोघं शेजारी आले की तिनाचं तोंड एका भिंतीकडे, सहाचं दुसऱ्या. मध्ये दोघांच्या पाठी.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीनं चौसष्ट फ्लॅटच्या नंबरांच्या पाट्या करायला दिल्यात. आज छत्तीस नंबर. काका ब्रश न थांबवता सांगतात, “मालक म्हणाले, दोघांत जरा अंतर ठेवा.”

छत्तीसचा आकडा. हे आपण इतक्या सहज म्हणतो, की ते चित्र आहे हे लक्षातच येत नाही. संख्या म्हणून छत्तीस अगदी मनमिळाऊ. दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा, अठरा, कुणाशीही जमवून घेते, बाकी शिल्लक ठेवत नाही. भांडण आहे ते आकारात. इंग्रजी सहाला गोल पोट असतं, त्यामुळे तिथे हा रुसवा अर्धवटच दिसतो. नागरीत तो पुरा रंगतो.

(दृश्य: लोखंडी गळ, विहिरीचा काठ.)

आणि शब्द तरी बघा. आकडा म्हणजे वाकवलेली सळई. विहिरीत पडलेली बादली काढायचा आकडा, विजेच्या तारेवर चोरून टाकतात तो आकडा, आणि एक, दोन, तीन हेही आकडेच. संस्कृतातला ‘अंक’ही तसाच: बाक, खूण, मांडी, नाटकाचा भाग आणि संख्या, सगळं एकाच शब्दात.

(दृश्य: नाणेघाट. धुकं, खिंड, मग लेण्याचा अंधार. भिंतीवरून सरकणारा उजेड.)

पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळातला जकातीचा रस्ता. इथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, याचा तो हिशेब. गायी, घोडे, नाणी. आणि त्यात आकडे. ते आकडे म्हणून ओळखून लावायचं काम एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी केलं.

ब्राह्मीत एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, एकाखाली एक. आता बोरू घ्या आणि त्या दोन रेघा हात न उचलता काढा. वरच्या रेघेच्या टोकावरून हात तिरका खाली येतो, दुसरी रेघ ओढतो, आणि कागदावर २ तयार. तीन रेघांचं हेच करा. म्हणजे आपल्या २ आणि ३ मध्ये अजूनही रेघा मोजता येतात, फक्त त्या घाईघाईत एकमेकींना चिकटल्यात. चाराचं मात्र चार रेघांचं नाही, फुलीसारखं चिन्ह आहे.

नाणेघाटच्या लेखात २४,४०० कार्षापणांचा, म्हणजे त्या काळच्या नाण्यांचा, आकडा येतो. आपण तो लिहिताना पाच खुणा करतो. त्या कोरक्यापाशी शून्य नव्हतं, आणि जागेवरून किंमत ठरवायची रीतही नव्हती. हजाराची वेगळी आकृती, शंभराची वेगळी. हजाराला वीस जोडले की वीस हजार, चार जोडले की चार हजार, मग शंभराच्या चिन्हाला चार. तीन जोडचित्रं ओळीनं. मला तर ती जोडाक्षरांसारखीच वाटतात.

(दृश्य: जुनी किराण्याची वही. पिवळं पान, शाईचे डाग.)

ही वही घरातली. साखर १॥ शेर. तूरडाळ २॥. तूप ।.

छपाईची चूक नाही ही. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, २॥ अडीच, २॥। पावणेतीन. रुपयातही तेच, एक रेघ चार आण्यांची, आणि पाव, निम, पाऊण यांचे पाढे मुलं परवचा म्हणताना घोकायची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आणि या रेघा वह्यांमधून हळूहळू गेल्या. बोलण्यातून गेल्या नाहीत. मंडईत आजही कुणी ‘एक पूर्णांक एक द्वितीयांश किलो’ मागत नाही. दीडच म्हणतात, आणि लिहितात १.५. तोंड एका काळात, हात दुसऱ्या.

रेघांचं मला आवडतं ते हे, की पाव, अर्धा, पाऊण डोळ्यांपुढे भरत जाताना दिसतात. दशांश टिंबात ते दिसत नाही. (लग्नपत्रिकेवरचं ॥ श्री ॥ जुन्या हिशेबनिसाच्या डोळ्याला अर्धा श्री अर्धा असं दिसत असेल का, हा प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही.)

आकाराचा धाकही होता. १ ला डावीकडून एक आकडी जोडली की ९ होतो, शून्य तर कुठेही बसतं. म्हणून हुंडीत, म्हणजे पैसे देण्याच्या व्यापारी चिठ्ठीत, रक्कम अंकी लिहायची, अक्षरी लिहायची, आणि वर पुन्हा: याचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट. शंभर रुपयांसाठी एवढी तटबंदी.

(दृश्य: टिळक रस्त्यावरची एक खोली. ट्रेसिंग पेपर, पेन्सिली.)

अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९६० च्या सुमारास शून्य ते नऊ हे सगळे आकडे एकाच जागी एकावर एक काढले. एकही नीट वाचता येत नाही, आणि एकही नाहीसा होत नाही. कलेच्या दोन विद्यार्थिनींनी तोच खेळ नागरी आकड्यांवर करून पाहिला, दहा ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून. इंग्रजी आकड्यांत कडक सांगाडा उभा राहतो. नागरीत वर गाठी दाटतात आणि खाली उजवीकडे शेपट्यांचा जुडगा होतो. ७ तेवढा एकटा पडतो. त्याची शेपूट खाली जातच नाही, वळून स्वतःच्याच पोटात शिरते.

संगणकात तर आणखी गंमत. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीचे, तसे ५ आणि ८ हेही मराठीत वेगळ्या वळणाचे, हिंदीत वेगळ्या. पण युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच. कुठलं चित्र उमटवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि भाषा हिंदी लावलेली राहिली तर पत्रिकेवर पाहुणा पाच येऊन बसतो. बहुतेकांना कळत नाही. काकांना लांबून कळतं.

(दृश्य: पुन्हा नाना पेठ. रेडियमवाले, कटर, पाट्यांचा ढीग.)

काकांचा खरा धंदा गाड्यांच्या नंबरपाट्यांचा. नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे. मोटारीच्या मागच्या पाटीवर आकडा ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड. गिऱ्हाईक मात्र वेगळंच मागायचं. दोन-एक-चार या इंग्रजी आकड्यांत दोनाचा र, एकाचा काना, चाराचा म: राम. आठ-शून्य-पाच-पाच म्हणजे बॉस, रोमन लिपीत. आणि चार-एक-चार-एक म्हणजे, अर्थात, दादा; इथे चाराचा द. वर शिरोरेघ ओढली की झालं. पोलिसांनी दंड केला तरी तो नंबर मिळवायला आरटीओत जादा पैसे भरणारे होते.

हे बेकायदा होतं, आणि अपघातानंतर पळालेल्या गाडीचा नंबर कुणाला वाचता आला नाही तर त्यात गंमत काही नाही. तरी एक आकडा एकाच वेळी दोन लिप्यांत वाचता येतो हे ज्याला पहिल्यांदा दिसलं, त्याच्या नजरेला मी सलाम करते.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठशाच्या पाट्या आल्या, मग जुन्यांनाही सक्तीच्या झाल्या. ॲल्युमिनियमवर दाबून उठवलेले आकडे, कोपऱ्यात होलोग्राम. तिथे ब्रशाला जागा नाही. उतरवलेल्या जुन्या पाट्यांतली एक काकांनी वाकवून केरसुणीशेजारी ठेवलीय. दुकानातला कचरा आता ‘दादा’ भरतो.

(दृश्य: संध्याकाळ. ओल्या पाट्या भिंतीला टेकवलेल्या.)

आता फक्त शेवटच्या पाट्या उरल्यात. काका खडूनं दोन रेघा मारतात आणि सहा काढतात, पोटं डावीकडे. मग तीन, पोटं उजवीकडे. त्रेसष्ट.

“इथे अंतर नको?”

काका पाटी लांब धरून बघतात. “ह्यांना कशाला,” म्हणतात, आणि तिनाचं वरचं टोक ब्रशानं आणखी थोडं सहाच्या जवळ ओढतात.