विहिरीच्या सह्या आणि मानकातला कोड

(लातूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

आपण सर्वांनी कधी ना कधी आरएफसी (इंटरनेटची मानके ज्यांतून प्रसिद्ध होतात ती क्रमांकित टिपणे) चाळलेली आहे, त्यामुळे इंटरनेटची मानके म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. मानक फुकट वाचायला मिळाले म्हणून त्यातला मजकूर किंवा कोड उचलण्याची मुभा मिळत नाही, आणि ती मुभा लिहिणाऱ्याकडून लिहितानाच घ्यावी लागते, एवढेच मला मांडायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नेटवर्किंगची मराठी पुस्तिका तयार केली. चेकसमच्या, म्हणजे पाठवलेली माहिती वाटेत बिघडली का हे पडताळणाऱ्या बेरजेच्या, प्रकरणात आरएफसी १०७१ मधला सी भाषेतला नमुना जसाच्या तसा घेतला होता. मोजक्याच ओळी आहेत: सोळा-सोळा बिटांची बेरीज करत जायचे, एखादा बाइट उरलाच तर तोही मिळवायचा, सोळा बिटांच्या वर गेलेला हातचा पुन्हा खाली आणायचा आणि शेवटी सगळे बिट उलटे करायचे. प्रकाशकाने विचारले, "सर, याची परवानगी कुठे आहे?" टिपण १९८८ चे. वितरणावर बंधन नाही, असे एक वाक्य त्यात आहे. कोडमध्ये बदल करण्याविषयी अवाक्षर नाही. उलट १९९२ च्या आरएफसी १३२१ मध्ये एमडी५ या संदेशाचा ठसा काढणाऱ्या पद्धतीच्या कोडच्या माथ्यावरच आरएसए डेटा सिक्युरिटी कंपनीने नामोल्लेखाच्या अटीवर वापराची परवानगी छापलेली आहे. प्रकरण अडले ते त्या न लिहिलेल्या दोन ओळींपायी, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

औशाजवळच्या आमच्या शेतातली विहीर आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी तोंडी शब्दावर खोदली. पुढे मोटर बसवायची वेळ आली, तेव्हा सह्या देणारे वारस पुण्यापासून हैदराबादपर्यंत पांगलेले होते. एका चुलत्याच्या सहीसाठी वडिलांनी बिदरला दोन खेपा घातल्या. इंटरनेटच्या मानकांवर २००८ मध्ये हीच वेळ आली. आरएफसी ५३७८ ने लेखकांकडून आयईटीएफ (ही मानके ठरवणारी संघटना) हिचे हक्क सांभाळणाऱ्या ट्रस्टसाठी व्यापक हक्क मागितले. पण जुन्या मजकुरावर नवा मसुदा बेतणाऱ्याला आधीच्या लेखकांचे हक्क परस्पर देता येईनात. अखेर १० नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर असलेल्या दस्तऐवजांना, त्या जुन्या मजकुराचे हे हक्क मिळालेले नसतील, अशी सूचना जोडण्याची सोय करावी लागली.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. ट्रस्टच्या नियमांनुसार मानकाच्या मजकुराची संपूर्ण प्रत काढता येते, भाषांतर करता येते, उतारेही न बदलता घेता येतात. पण मजकुरात फेरफार करता येत नाही. कोडला मात्र बीएसडी परवाना आहे: सूचना कायम ठेवा, मग बदला किंवा विका. हा भेद मला योग्य वाटतो, कारण एकाच मानकाचे दोन पाठ झाले तर यंत्रांचे आपसांत जुळणार नाही, आणि कोड तर बदलल्यावाचून कामाचाच होत नाही. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या मंडळींना हे मान्य नाही. बदलाची मुभा नसलेला मजकूर म्हणून ते आरएफसी आपल्या मुख्य संग्रहाबाहेर ठेवतात.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरतेच, असे धरले जाते. म्हणून प्रकल्पात कोणाचाही कोड घेताना त्याच दिवशी, मुदत आणि क्षेत्र घालून, लेखी घ्या.

पद्धतीवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. म्हणून चेकसमचा कोड आम्ही मूळ नमुना न पाहता नव्याने लिहिला आणि वर परवाना छापला. पुस्तिकेच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत.