श्री शिल्लक

(दृश्य: पहाट. अप्पा बळवंत चौक, बंद शटर. मागच्या गल्लीत एकच दिवा.)

अप्पा बळवंत चौक इतका शांत असू शकतो, हे पहाटे इथे आल्याशिवाय खरं वाटत नाही. दोन तासांत पाय ठेवायला जागा उरणार नाही. मागच्या गल्लीतल्या या जुन्या वाड्यात मात्र कामाला आत्ताच सुरुवात झाली आहे. शेगडीवर वह्या चिकटवायची खळ शिजते आहे.

मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहू द्यायची नाही. मग मंद आच आणि सतत ढवळणं. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की चिमूटभर मोरचूद. त्यानं कागदाला कसर लागत नाही.

(दृश्य: हात, दोरा, दाभण. जवळून.)

काका हिशेबाच्या वह्या बांधतात. घरातली ही तिसरी पिढी. ताव दुमडायचे, पट्टीनं घासून घडी बसवायची, एकात एक घालून फर्मा करायचा. दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्याला मेण चोळायचं आणि जुजबंदीला बसायचं. हा टाका बघा. प्रत्येक फर्मा शेजारच्या फर्म्यात अडकवलेला असतो, म्हणून वही कुठेही उघडली तरी सपाट पडते आणि लिहिणाऱ्याचा हात अडखळत नाही. मग रात्रभर शिकंज्यात. सकाळी कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा, वरून लाल खारवा. एका वहीला तीन दिवस लागतात, कारण खळ तिच्या वेळेनंच वाळते.

काकांचं नाव आम्ही घेत नाही. ते स्वतः "टाका की नाव" म्हणाले होते. काकूंनी नको म्हटलं.

(दृश्य: कोरी कीर्द उघडते.)

ही कीर्द. रोजचा जमाखर्च हिच्यात, आणि इथून ज्याचं त्याचं खातं खतावणीत. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. पूर्वी पानावर रेघा नसत. उभ्या घड्या घालत आणि त्या घड्याच रकान्यांचं काम करत. दिवसाची पहिली ओळ ठरलेली असे: श्री शिल्लक. काल रात्री गल्ल्यात जे उरलं ते आज सकाळी सगळ्यांत वर.

या दोन शब्दांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शिल्लक लाखाची असो की सव्वा रुपयाची, तिच्याआधी श्री लागतोच. आकडा पाहून श्री लावायचा की नाही हे कोणी ठरवत नाही. काकांच्या आजोबांच्या हातची एक कीर्द घरात आहे. तिच्यात शिल्लक दोन आणे असलेलं एक पान आहे. श्री तितकाच ठसठशीत काढलेला.

आणि त्याच भाषेत दुसरा शब्द आहे, पत. बाजारात उधार मिळतं ते पतीवर. चारचौघांत मान मिळतो तोही पतीवर. एकाच शब्दानं दोन्ही कामं केली की काय होतं, ते ज्याचा हप्ता एकदा चुकलाय त्याला सांगावं लागत नाही. उधारी थांबते त्या दिवशी माणूस मान खाली घालून चालायला लागतो.

(दृश्य: कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली जागा. इथे पूर्वी मशीन होतं.)

काकांचं असंच झालं. दुकानांचे हिशेब संगणकावर गेले, वह्यांची मागणी उतरली. एका पतसंस्थेचं कर्ज काढून कटिंगचं मशीन घेतलं होतं, त्याचे हप्ते थकले. ते भरायला मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून पैसे उचलले. मग फोन सुरू झाले.

काका लग्नाकार्याला जायचे बंद झाले. आहेर काय नेणार? आणि पालखी पुण्यात आली तरी घरातून बाहेर पडले नाहीत. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते. इथून चालत किती वेळ लागतो ते आम्ही स्वतः चालून बघितलं. वीस मिनिटंसुद्धा नाही. दोन वर्षं काका ती वीस मिनिटं चालले नाहीत.

"देवाकडे जायला पैसे लागत नाहीत, कळत होतं," ते म्हणतात. "पण तिथे ओळखीची माणसं असतात ना."

(दृश्य: देहू. इंद्रायणीचा घाट. धुकं. कोणीतरी पाण्यात दिवा सोडतं.)

पुण्याहून देहू तीसेक किलोमीटर. देहूचे तुकोबा आज आपल्याला वीणा घेतलेले दिसतात. त्याआधी ते दुकानदार होते. घरात वाण्याचा व्यवसाय, सावकारी, गावची महाजनकी. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. गुरं गेली, दुकान बसलं, दिवाळं निघालं. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या.

हे सगळं त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान. स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' द्रव्य आणि मान, एकाच ओळीत. आणि त्यापुढे: 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें. वेवसाय देखें तुटी येतां.'

धंद्यात तोटा आला आणि जिवाला लाज वाटली. ज्यांच्या पादुकांवर आपण डोकं ठेवतो, त्यांनी हे लपवलं नाही. संतांनी विचारलं म्हणून, संतांसमोर, तोंडानं सांगितलं. आम्हाला देहूत यायचं होतं ते या एका ओळीसाठी.

(दृश्य: भंडारा डोंगर, दुरून. मग गाथा मंदिराच्या भिंती, कोरलेले अभंग, त्यांवरून फिरणारं एका बाईचं बोट.)

त्यापुढे काय केलं? अभंगातच आहे: देवाचं देऊळ भंगलं होतं, ते बांधावंसं वाटलं. दिवाळं निघालेला माणूस आधी घरच्या विठ्ठलाचं मोडकं देऊळ उभं करायला घेतो. आणि मग ती गोष्ट, जी इथल्या प्रत्येक मुलाला येते. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली.

ही गोष्ट सांगताना एक भाग सहसा गळतो. परंपरेनं सांगतात तो असा: धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, तुमचं ठीक आहे, मला संसार चालवायचा आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचे कान्होबांना दिले. बुडवले ते फक्त आपले.

आणि ते होतं येणं. देणं नव्हतं. देवाचं नाव घेतलं की कर्ज फिटतं, असा अर्थ यातून काढणारे भेटतात. अमुक साधना करा, पैसा ओढला जाईल, असं सांगणारेही भेटतात. तुकोबांच्या गोष्टीत यातलं काहीच नाही. त्यांनी स्वतःचा हक्क सोडला. दुसऱ्याचा नाही. पैसा वाईट, असंही ते म्हणत नाहीत. 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.' धन जोडा, चांगल्या व्यवहारानं जोडा. इथला 'उदास' म्हणजे खिन्न नव्हे. त्यात जीव न अडकवता.

घाटावर बसलेले एक आजोबा आम्हाला म्हणाले, "याच डोहात गाथा बुडवली, ती तेरा दिवसांनी वर आली. खतं काही वर आली नाहीत."

(दृश्य: सुपे, बारामती तालुका. गावातली जुनी भिंत.)

याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. हवी होती ती खतं. हाती लागली ती जाळली. लोण आसपासच्या गावांत पसरलं आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. देहूत सावकारानं आपण होऊन पाण्यात सोडलं, ते दोन-अडीच शतकांनी इथे कुळांना आगीत टाकावं लागलं. कागद तोच.

(दृश्य: पुन्हा वाडा. फळीवर सुटी पानं, दोऱ्यानं बांधलेली.)

एका भजनी मंडळाची गाथा काकांकडे बांधायला आली होती. पानं सुटलेली, कोपरे गेलेले. आठ दिवस फळीवर पडून होती.

"तो दुष्काळाचा अभंग ऐकलेलाच होता की. पण आम्ही पानं लावताना आकडा बघतो, मजकूर बघत नाही. त्या दिवशी मजकूर वाचला."

काकांनी फळीवरची एक कोरी कीर्द घेतली. विकायची होती ती. वर श्री काढला. डाव्या बाजूला घरात होतं तेवढं. उजव्या बाजूला एकेक देणं, ज्याचं त्याच्या नावानं. पतसंस्था, अ‍ॅप, कागदवाला, मेहुणा, वाण्याची उधारी. संध्याकाळी देवापुढे दिवा लागल्यावर काकू आणि मुलाला बसवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.

(दृश्य: काकू. बराच वेळ काही बोलत नाहीत.)

"आकडा ऐकला आणि मला हलकं वाटलं," काकू म्हणतात. "मी मनात याच्याहून मोठा धरून बसले होते. ह्यांना म्हटलं, अहो, एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. पण आता ते तिघांना माहीत होतं. काकांच्या घरात यालाच साधना म्हणतात: रोज रात्री दिवा लावल्यावर कीर्द लिहायची, शिल्लक मोठ्यानं वाचायची, मग हरिपाठ. हरिपाठ आधी नाही. काकांचं म्हणणं, हिशेब लपवून म्हटलेल्या हरिपाठात लक्ष लागत नाही.

पुढे मशीन विकलं, अ‍ॅपचं देणं आधी फेडलं, संस्थेत जाऊन हप्ता कमी करून घेतला, मुलाचा क्लास त्या वर्षी सुटला.

फोनांचं एक सांगायला हवं. मुलानं ते शोधून काकूंना वाचून दाखवलं. बँका आणि वित्तसंस्थांच्या वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कर्जदाराची किंवा त्याच्या घरच्यांची चारचौघांत बेअब्रू करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. काकूंनी ते कागदावर उतरवून फोनशेजारी लावलं. तो कागद अजून आहे. (दृश्य: कागद.) आणि कर्जाच्या ओझ्यानं जीव नकोसा होत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे. रात्रीही लागतो.

(दृश्य: नाना पेठ. पालखी. पाऊस. टाळ. पायांचा समुद्र. इथे निवेदन थोडा वेळ थांबते.)

१६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी देहूहून पालखी सुरू केली. ज्येष्ठ वद्य सप्तमीला ती देहूतून निघते. पुण्यात मुक्काम पडतो तेव्हा पेठांतली घरं उघडी असतात. कोणी चहा देतं, कोणी चपला शिवून देतं, कोणी नुसते पाय चेपतं. काका या वर्षी गेले. सोबत दाभण, दोरा आणि खळीचा डबा घेऊन गेले. वारकऱ्यांच्या पिशव्यांतल्या हरिपाठाच्या पुस्तिका, छोट्या गाथा, जे फाटलं असेल ते फुटपाथवर बसून शिवून दिलं.

ओळखीची माणसं भेटली का, असं आम्ही विचारलं.

"भेटली. एकानं विचारलं, दोन वर्षं कुठे होतात? म्हटलं, कर्ज झालंय, लाज वाटत होती. तो म्हणाला, सरका, मला पण बसू द्या."

(दृश्य: दिवाळी. लक्ष्मीपूजन. पाटावर लाल वही, हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं.)

पाडव्याची सकाळ. चौकात अजून फटाक्यांचा वास आहे. काका नवी कीर्द उघडतात. पाठीचा दोरा पहिल्यांदाच ताणला जातो, तो करकरतो. काकू चष्मा पुसून त्यांच्या हातात देतात.

उजव्या बाजूला अजून दोन नावं आहेत. आधी डावी बाजू.

"श्री शिल्लक," काका वाचतात, "तीनशे बारा रुपये."

(दृश्य: शेगडी. खळ ढवळणारा हात. निवेदन समाप्त.)